ब्रेक-बॅरल एअर रायफल: ओपन साइट की स्कोप? पावसाळा धरून काही महिन्यांचा वापर

रायफल .177 ची (नळीचा व्यास साधारण साडेचार मिमी), स्प्रिंगची, ब्रेक-बॅरल (नळी खाली मोडून छर्रा भरायची), छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आतली, म्हणजे परवाना न लागणारी. आधी कंपनीचीच ओपन साइट (मागे खाच, पुढे काडी, मध्ये काच नाही), मग 4×32 स्कोप (चौपट मोठं दाखवणारी, 32 मिमीच्या काचेची दुर्बीण), असं दोन्ही भरपूर वापरून झालं. मत आधीच सांगतो: मुंबईत घरात जेवढं अंतर मिळतं, तेवढ्यासाठी स्कोपची मदत कमी आणि कटकट जास्त. (गॅलरीतल्या कबुतरांवर नेम धरायचा असेल तर पुढे वाचू नका. इथे सगळं कागदी टार्गेटचं आणि मागे छर्रे अडवणारी पेटी ठेवूनच.)

10 मीटर म्हणजे जवळजवळ 33 फूट. वन-बीएचकेत टेप लावली तर सलग पाच-सहा मीटर मिळाले तरी नशीब. स्कोपची गोची नेमकी इथेच होते. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून साधारण 4 सेंमी वर असतो, ओपन साइट फार तर दीड. छर्रा सेकंदाला 180 मीटरच्या आसपास जातो असं धरून 10 मीटरला झीरो केलं, म्हणजे तिथे नेम आणि छर्रा एकाच जागी जुळवले, तर 5 मीटरवर स्कोपने छर्रा दीड सेंमी खाली लागतो, ओपन साइटने जेमतेम 4 मिमी. 20 मीटरला मात्र चित्र उलटं: स्कोपवाला छर्रा नेमाच्या आसपासच राहतो, ओपन साइटवाला दोनेक सेंमी खाली जातो. तेव्हा फार्महाऊसवर किंवा गावच्या परड्यात चालवणार असाल तर स्कोप जरूर घ्या.

पॅरॅलॅक्सचं, म्हणजे डोळा हलला की नेम सरकलेला दिसण्याचं, दुखणं वेगळंच. साध्या रायफल-स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुधा 100 यार्डांना बसवलेला असतो. 5 मीटरवर टार्गेट धूसर दिसतं आणि डोळा जरा सरकला की क्रॉसहेअरही (स्कोपमधली नेमाची फुली) सरकते. तपासायचं असेल तर रायफल वाळूच्या पिशवीवर स्थिर ठेवा, हात न लावता फक्त डोकं हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर फिरली तर ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका) कधीच बसणार नाही. पुढची काच फिरवून 10 मीटरपर्यंत जुळवता येणारा स्कोपच घ्यावा.

स्प्रिंगच्या रायफलीला धक्का दोनदा बसतो. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते, पिस्टन टोकाला अडला की पुढे हिसका देते. साधे स्कोप फक्त मागच्या धक्क्यासाठी बनवलेले. पुढच्या हिसक्याने त्यांची क्रॉसहेअर सैल होते किंवा तुटते. शिवाय रायफलीवरच्या 11 मिमीच्या रेलवर (खाचेच्या पट्टीवर) स्कोप धरणारा माउंट हळूहळू मागे घसरतो. त्यामुळे वन-पीस माउंट, त्याच्या मागे स्टॉप पिन, रेल पुसून तेलमुक्त केलेली आणि स्क्रू आलटून-पालटून आवळलेले, एवढं हवंच. झीरो करताना स्कोपच्या डायलचा पाव मिनिटाचा (हा कोनाचा मिनिट, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 10 मीटरवर पाऊण मिलिमीटरहून किंचित कमी सरकवतो. 1 सेंमीला 14 क्लिक धरा. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप पडल्याशिवाय डायलला हात लावू नका.

ब्रेक-बॅरलमध्ये एक बाब कोणी सांगत नाही. बऱ्याच मॉडेलांत फ्रंट आणि रिअर साइट दोन्ही नळीच्याच भागावर असतात. नळी बंद होताना केसभर फरक पडला तरी साइट तिच्याबरोबर हलते. स्कोप मात्र मागच्या सिलिंडरवर बसलेला, तो फरक त्याला कळतच नाही. बिजागरी सैल झालेल्या जुन्या रायफलीवर स्कोप लावून ग्रुप पसरला, तर स्कोपला शिव्या देण्याआधी बिजागरीचा स्क्रू बघा.

ओपन साइटही फुकटात नेम देत नाही. दोन साइटमधलं अंतर 45 सेंमी असेल, तर 0.1 मिमीची चूक 10 मीटरवर 2 मिमीहून मोठी होते. नजर फ्रंट साइटवर हवी, टार्गेट धूसर राहू द्या. 10 मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल 30.5 मिमीचा असतो. फ्रंट साइट त्याच्या खालच्या कडेला टेकवायची आणि छर्रा 15 मिमी वर लागेल अशी रिअर साइट बसवायची. उजव्या बाजूच्या ट्यूबलाइटने फ्रंट साइटची उजवी कड चमकते, डोळा तीच मधोमध धरतो आणि छर्रे डावीकडे जातात. उपाय जुनाच: फ्रंट साइटला मेणबत्तीची काजळी. चाळिशीनंतर मात्र रिअर साइटची खाच धूसर दिसू लागते; मग स्कोप किंवा पीप साइटला (बारीक भोकातून बघायची मागची साइट) पर्याय नाही. पुढे रेंजवर 10 मीटरच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर पीपच बघा. तिथे दुर्बीण चालत नाही.

पावसाळ्यात स्वस्त स्कोपच्या काचेवर आतून वाफ धरते, पुढे बुरशीही. फोमच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका. स्कोप काढून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. नळीला बाहेरून तेलाचा पातळ हात द्या, घामाची बोटं लागली असतील तर लगेच. सिलिंडरमध्ये मात्र तेल अजिबात नको. दाबाने ते पेटतं, फटाक्यासारखा आवाज येतो आणि दोन्ही साइटचं झीरो बिघडल्यासारखं वाटतं.