सकाळचा सराव की मागच्या शर्यती?

माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा आधी त्याला चालवून बघतो, पाय बघतो, दात मोजतो. नांदेड-लातूरकडचे शौकीन तीच नजर पुण्याच्या रेसकोर्सला लावतात, कोणता घोडा जिंकेल हे त्याचा सकाळचा सराव बघून ठरवतात आणि तिथेच फसगत होते.

शर्यतीआधीच्या सरावाच्या वेळा छापून येतात. एक घोडा 600 मीटर 38 सेकंदांत ‘सहज’ धावला, दुसरा 36 मध्ये, पण जोर लावून. कागदावर दुसरा सरस. पण पाठीवर जॉकी होता की वजनदार राइडिंग बॉय (फक्त सरावात घोडा पळवणारा स्वार)? ट्रेनरला वेग हवा होता की नुसता घाम काढायचा होता? हे त्या आकड्यात दिसत नाही. शिवाय सराव बहुतेक वेळा वाळूच्या ट्रॅकवर, शर्यत मात्र हिरवळीवर. पुण्याचा हंगाम ऐन पावसाळ्यात, म्हणजे हिरवळही रोज वेगळी.

मागच्या शर्यतींचं तसं नाही. तिथे घोडा गर्दीत, ठरलेल्या वजनासह, जिंकायला धावलेला असतो (निदान तसं धरून चालायचं!). मात्र जिंकल्यावर हँडिकॅपमध्ये (लढत बरोबरीची व्हावी म्हणून सरस घोड्यावर जास्त वजन देतात त्या शर्यतीत) वजन वाढतं, वरच्या वर्गात जावं लागतं, पुढच्या शर्यतीचं अंतरही वेगळं असू शकतं. म्हणून नुसता ‘पहिला आला’ एवढाच शेरा वाचून भागत नाही.

माझा कौल मागच्या शर्यतींनाच. अपवाद दोन: पहिल्यांदाच उतरणारं शिंगरू, आणि दुखापतीनंतर परतलेला घोडा. त्यांच्या बाबतीत सरावच बघावा, त्यातही दोन घोडे जोडीने पळवले असतील तर वेळेपेक्षा कोण सहज पळत होता आणि कोणाला रेटावं लागत होतं ते.