चार्जरची तिसरी पिन नावालाच होती

लॅपटॉपच्या आवाजात घरघर येते म्हणून कुणी ‘ऑडिओ आयसी (आवाजाची चिप) गेली’ म्हणालं, तर खिशात हात घालण्याआधी चार्जर काढून ऐका. बॅटरीवर आवाज स्वच्छ येत असेल तर दोष आयसीचा नाही. मला हे कळेपर्यंत ३,२०० रुपये गेले होते.

जुना चार्जर जळाला, म्हणून दुरुस्तीच्या दुकानातून ‘एकदम ओरिजिनल’ नवा घेतला. तेव्हापासून लॅपटॉप साउंड मिक्सरला जोडला की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू. पत्र्याच्या बॉडीवर मनगट टेकलं की झिणझिण्या. दुकानदाराने चार्जरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आयसी बदलली म्हणाला आणि गाणं लावून दाखवलं, तेही बॅटरीवर! तिथे घरघर येणार कुठून?

घरी पुन्हा तेच. शेवटी ओळखीच्या साउंडवाल्याने मल्टिमीटर काढला. एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरं केबलच्या चार्जरकडच्या अर्थच्या (अर्थिंगच्या) छिद्राला. बीप नाही, म्हणजे जोडणीच नाही. केबल सोलली तर आत दोनच वायरी. अर्थच्या हिरवीचा पत्ता नाही.

चार्जरच्या आत मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये छोटा कपॅसिटर असतो. स्विचिंगचा नॉइज दाबायला तो लागतोच, पण त्यातून किंचित करंट पलीकडे झिरपतो. अर्थ असेल तर तो तिकडून निघून जातो. नसेल तर लॅपटॉपच्या बॉडीवर येतो, आणि मिक्सरला अर्थ असला की ऑडिओ केबलच्या शील्डमधून वाट काढतो. तीच ती घरघर.

उलटंही होतं. चार्जर आणि मिक्सर दोन्हींना अर्थ असला तरी ग्राउंड लूपमुळे, म्हणजे अर्थच्या दोन वाटांतून करंट फिरल्यामुळे, हम येऊ शकतो. मग कुणीतरी शहाणा अर्थची पिन कापायला सांगतो. हे अजिबात करू नका, शॉकपासून वाचवणारी तीच आहे. ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका; तो आवाज पुढे जाऊ देतो, पण तारांची थेट जोडणी तोडतो.

चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. माझ्या चार्जरवरच्या नंबरची नोंदच सापडली नाही. ते दाखवल्यावर दुकानदाराने चार्जरचे पैसे मुकाट परत केले, कारण त्याचं पक्कं बिल होतं. आयसीचं मात्र ‘जीएसटी कशाला भरताय’ म्हणत चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्या चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नाही.