शिरोलीत कोबोट : एक पावसाळा आणि एक दसरा काढल्यावर

कोबोट म्हणजे माणसाच्या शेजारी काम करायला बनवलेला रोबोट-हात (आर्म). तो 'घेऊ का नको?' असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो. एका जॉबचा, म्हणजे मशीनवर लावलेल्या नगाचा, मशिनिंग टाइम दोन मिनिटांच्या वर असेल तर घ्या. चाळीस सेकंदांत जॉब उतरत असेल तर पैसे बँकेत राहू द्या.

आमचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून ग्रे आयर्नची (बिडाची) कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव नग येतात, आम्ही सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) टर्निंग-बोअरिंग करून, म्हणजे बाहेरून आणि भोकातून कातून देतो. दोन टर्निंग सेंटरच्या मधे दहा किलो पेलणारा कोबोट बसवला. कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण यातलं बरंचसं कुठल्याही आर्मला लागू पडेल.

पहिली गोम त्या दहा किलोतच आहे. ग्रिपर, म्हणजे आर्मच्या टोकाचा पंजा, दुहेरी लागतो, म्हणजे एका बाजूनं तयार जॉब काढायचा आणि लगेच दुसऱ्या बाजूचा कच्चा चकमध्ये (मशीनच्या जॉब धरणाऱ्या पकडीत) द्यायचा. ग्रिपरचंच वजन तीन किलोच्या आसपास, वर हातात एका वेळी दोन जॉब. हिशोब केला तर जॉब साडेतीन किलोच्या आतलाच हवा. कॅटलॉग वाचताना हे कुणी बोलत नाही.

दुसरी गोम सुरक्षेची. डेमोत सेल्सवाला आपला हात आडवा घालतो, आर्म टेकल्याबरोबर थांबतो, सगळे खूश. आर्म थांबतो हे खरंच आहे. 2016 च्या आयएसओ टीएस 15066 या कोबोट-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात शरीराच्या कुठल्या भागावर किती जोर चालेल याचा तक्ताच आहे. हात-बोटं चेपली जाणार असतील तर 140 न्यूटन, चेहऱ्याला 65. त्यात जोराबरोबर दाबाचीही मर्यादा आहे, आणि लोक नेमकी तीच विसरतात. गोल गुळगुळीत आर्म लागणं वेगळं आणि फ्लॅश (ओतताना कडेला राहिलेला पातळ पत्रा) न काढलेल्या कास्टिंगची कड लागणं वेगळं. तोच जोर एका रेघेवर आला की कातडं फाटणारच. म्हणून आर्म कितीही मऊ असो, त्याच्या हातात काय आहे ते धरूनच धोका मोजायचा.

आम्ही खाली लेझर स्कॅनर लावून घेतला. माणूस जवळ आला की वेग उतरतो, अजून जवळ आला की आर्म थांबतो, माणूस लांब गेला की परत पूर्ण वेग. जाळी नाही, पण 'खांद्याला खांदा लावून काम' म्हणतात तसलंही काही नाही. इन्स्पेक्शन टेबलाकडं जायची वाट नेमकी स्कॅनरच्या हद्दीतून जात होती, त्यामुळं गेज आणायला कुणी गेलं की आर्म मरगळायचा. पिवळे पट्टे मारून वाट पलीकडनं काढली आणि दिवसाचा आकडा लगेच सुधारला.

आता कास्टिंग. आर्म तीन-पाच शतांश मिलिमीटरच्या आत त्याच जागी परत येतो, पण कास्टिंग तेवढं शिस्तीचं नसतं. पार्टिंग लाइनवर (साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर) फ्लॅश राहिली किंवा साच्याचा बॉक्स सरकलेला असला की जॉब ग्रिपरमध्ये तिरका बसतो आणि चकमध्ये तसाच जातो. आमचे जुने ऑपरेटर मामा जॉब हातात घेतानाच अंगठा फिरवून बघायचे, चकच्या जॉवर (दातांवर) चिप, म्हणजे लोखंडाचा कीस, अडकली असेल तर सहज पुसायचे. हे दोन्ही कुठल्या प्रोसेस शीटवर लिहिलेलं नव्हतं. आता जॉ साफ करायला एअर ब्लो लावलाय, जॉब बाहेरून पकडायच्या ऐवजी आतून बोअरमध्ये (भोकात) पकडतो, आणि फौंड्रीला फेटलिंग (फ्लॅश काढून नग साफ करणं) नीट करायला भाग पाडलंय. माझ्या मते शेवटच्या गोष्टीनंच निम्मा फरक पडला.

मामा पहिल्या आठवड्यात म्हणाले, "मालक, ह्यो लईच सावकाश चालतोय की वं." बरोबर होतं. माणूस वीस सेकंदांत जॉब बदलतो, याला पस्तीस-चाळीस लागतात. पण जेवणानंतर आणि रात्रपाळीच्या शेवटच्या दोन तासांत माणसाचा वेग पडतो, याचा पडत नाही. पाळीचा आकडा तिथं वर जातो. मामा आता बोअर गेज घेऊन दोन्ही मशीन बघतात, इन्सर्ट (कापणारी टोकं) बदलतात, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देतात. त्यांची कंबर सुटली, पण ओटीही (ओव्हरटाइमही) सुटली. त्यावर ते नाराज आहेत आणि ती नाराजी रास्त आहे. मशीनभत्ता म्हणून काही वाढवून दिलंय, ओटीइतकं ते होत नाही.

पावसाळ्यात कंप्रेसरच्या लाइनला पाणी येऊन ग्रिपर अडकू लागला. ड्रायर आणि फिल्टर कोबोटबरोबरच कोटेशनमध्ये धरा. हवा गेली तरी पकड सुटणार नाही असाच ग्रिपर मागा. लाइट गेली की आर्मचे ब्रेक लागतात, तो आहे तिथंच थांबतो. पण लाइट आल्यावर चकमधून हात सांभाळून बाहेर कसा काढायचा, हे रात्रपाळीत एकाला तरी यायला पाहिजे. आमच्याकडं डिप्लोमावाला पोरगा हातानं आर्म ओढत पॉइंट शिकवायला दोन दिवसांत शिकला. सर्व्हिसवाले पुण्याहून येतात आणि उशीर झाला की हायवेच्या कामाचं कारण तयार असतं.

दसऱ्याला सगळ्या मशिनींना हार घातले, याच्याही मनगटाला झेंडूचा भलामोठा ओला हार. दुसऱ्या दिवशी हार तसाच ठेवून पोरानं पॉइंट दुरुस्त करायला हात मोकळा सोडला तर आर्म हळूहळू खाली यायला लागला. सेटिंगमध्ये दिलेल्या वजनापेक्षा मनगटावर जास्त वजन, म्हणजे तो बिचारा हिशोबात चुकणारच. हार काढून बेसला बांधला.

दुसरा घेणार का? टर्निंगला आणखी एक घेईन, मशीनचं दार आपोआप उघडणारं असेल तर. व्हीएमसीला (उभ्या मिलिंग मशीनला) एवढ्यात नाही. तिथं फिक्स्चरचे (जॉब बसवायच्या चौकटीचे) क्लॅम्प अजून पान्यानं आवळतो, आधी ते हायड्रॉलिक करायचे तर कोबोटइतकाच खर्च समोर उभा राहतो.