इंजिन खोलण्याआधी : जुन्या अ‍ॅम्बेसेडरवर वापरलेले ऑइल प्रेशर टेस्ट किट

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरील ऑइल प्रेशरचा काटा खाली राहू लागला की बहुतेक गॅरेजांतून पहिला सल्ला मिळतो तो इंजिन खोलण्याचा. तो सल्ला कधी कधी बरोबरही असतो. परंतु काटा दाखवतो तोच दाब इंजिनात आहे की नाही, याची खातरजमा करणारे साधन फार थोड्या गॅरेजांत आढळते. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानातून साधारण दोन हजार रुपयांत घेतलेले हे मेकॅनिकल टेस्ट किट नेमक्या याच कामासाठी आहे. 1980च्या दशकातील पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरवर ते वापरल्यानंतर मूळ कामात ते खरे उतरले असे म्हणता येते. तक्रार आहे ती त्यातील जोडसामानाविषयी.

प्लास्टिकच्या पेटीवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. आत 0 ते 140 पीएसआयची आणि तिच्या आतल्या वर्तुळात बारची मापनपट्टी असलेला गेज (पीएसआय आणि बार ही दोन्ही दाबाची एकके), एक रबरी होज आणि वेगवेगळ्या आट्यांचे अडॅप्टर आहेत. गेजची रचना फ्रान्समधील यूजेन बूर्दों यांनी 1849 साली पेटंट घेतलेल्या वक्र नळीची आहे : ऑइल थेट त्या चपट्या, वाकवलेल्या नळीत शिरते, दाबामुळे नळी सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. यात सेंडर, म्हणजे इंजिनावर बसून दाबाचा विजेचा संकेत गेजला पाठवणारा भाग, नाही, तार नाही, अर्थिंगही नाही. जुन्या गाडीत विजेच्या जोडण्यांवरच सर्वांत कमी विश्वास ठेवावा लागतो, म्हणून हा साधेपणा मोलाचा ठरतो.

ज्या गाडीवर हे किट वापरले तिच्यात मॉरिस ऑक्सफर्डच्या परंपरेतून आलेले बी-सिरीजचे 1489 सीसी इंजिन आहे. या इंजिनाचा दाब गरम असताना, चालत्या वेगात सुमारे 50 पीएसआय आणि स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालू असताना, सुमारे 15 पीएसआय असावा, असे जुनी सर्व्हिस मॅन्युअल्स सांगतात. गाडीचा मूळ गेज आधीच्या मालकाने काढून टाकला होता आणि त्याच्या जागी 0 ते 5 बारचा, विजेवर चालणारा गेज बसवला होता. इंजिन गरम झाल्यावर हा काटा स्लोवर 0.6 बारपर्यंत उतरत असे आणि 2000 आरपीएमला कसाबसा 1.7 बार, म्हणजे 25 पीएसआय दाखवत असे. क्रँकशाफ्टच्या मेन व बिगेंड बेअरिंगचे शेल (बेअरिंगमधील झिजणारी पातळ अर्धगोल अस्तरे) गेले आहेत, क्रँक ग्राइंड करून इंजिन नव्याने बांधावे लागेल, असे निदान एका गॅरेजने केले होते. मात्र खालून ठोके येत नव्हते, टॅपेटचा आवाजही नेहमीइतकाच होता, आणि इतक्या कमी दाबावर इतके शांत चालणारे इंजिन ही शंका घेण्याजोगीच गोष्ट होती.

अशा वेळी सेंडर काढून त्याच्या जागी केवळ टेस्ट गेज लावण्यापेक्षा तीन तोंडांचा टी-जोड लावून दोन्ही गेज एकाच वेळी वाचणे अधिक उपयोगाचे असते. किटसोबत टी मिळत नाही. ती वेगळी घ्यावी लागली. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर टेस्ट गेजवर 60 पीएसआय, म्हणजे 4.1 बार दिसले, तर डॅशबोर्डवर 2 बार. इंजिन पूर्ण तापल्यावर 2000 आरपीएमला टेस्ट गेजवर 50 पीएसआय होते आणि डॅशबोर्डवर तेच जुने 1.7 बार, स्लोवर एकीकडे 17 पीएसआय, दुसरीकडे 0.6 बार. दाब पुरेसा होता, हे तर कळलेच. पण या आकड्यांतून आणखीही एक गोष्ट हाती लागते. डॅशबोर्डचा काटा प्रत्येक ठिकाणी जवळजवळ निम्मे दाखवत होता. काटा पिनवर सरकला असता तर सर्वत्र सारखाच फरक पडला असता, निम्मेपणा राहिला नसता; सेंडर झिजलेला असता तर काटा मध्येच उड्या मारताना किंवा अडकताना दिसला असता. इतके नेमके प्रमाण बहुधा तेव्हाच सापडते, जेव्हा गेज एका दाबमर्यादेचा आणि सेंडर दुसऱ्या दाबमर्यादेचा असतो.

सेंडर पुसून पाहिल्यावर षट्कोनी कडेवर 10 बार असा ठसा निघाला. युरोपीय पद्धतीचे 5 बारचे आणि 10 बारचे सेंडर दिसायला सारखे असतात. दोन्हींचा रेझिस्टन्स शून्य दाबाला सुमारे 10 ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे 180 ओहम असतो. फरक एवढाच, की पूर्ण दाब एकाचा 5 बारला येतो आणि दुसऱ्याचा 10 बारला. त्यामुळे 3.4 बारच्या सुमारास जिथे मल्टिमीटरवर 130 ओहमच्या आसपास आकडा यायला हवा होता, तिथे 70 ते 75 ओहम येत होते आणि गेज त्याचा अर्थ आपल्या पट्टीप्रमाणे निम्मा लावत होता. 5 बारचा सेंडर बसवल्यावर दोन्ही काटे जुळले आणि इंजिन न खोलता काम संपले.

याच संदर्भात गॅरेजांतील एका प्रचलित चाचणीविषयी सांगणे आवश्यक आहे. सेंडरची तार काढून क्षणभर बॉडीला टेकवायची आणि काटा पूर्ण वर गेला की गेज चांगला समजायचा, ही चाचणी 240 ते 33 ओहमच्या, म्हणजे दाब वाढला की रेझिस्टन्स कमी होणाऱ्या, अमेरिकी पद्धतीच्या गेजला लागू पडते. 10 ते 180 ओहमच्या गेजवर तार टेकवल्यास काटा शून्यावर येतो आणि तार मोकळी सोडल्यास पूर्ण वर जातो. हा भेद ठाऊक नसलेला माणूस चांगला गेज फेकून देऊ शकतो. युरोपीय पद्धतीत आणखी एक धोका आहे : सेंडरचे अर्थिंग त्याच्या आट्यांमधून होते, आणि गळती थांबवण्यासाठी टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले की तेथे जादा रेझिस्टन्स निर्माण होऊन काटा खऱ्यापेक्षा जास्त दाब दाखवतो. कमी दाखवणारा गेज निदान तपासायला तरी लावतो. जास्त दाखवणारा गेज मालकाला निर्धास्त ठेवतो आणि शेल जाळतो.

आता किटच्या उणिवा. सर्वांत मोठी उणीव अडॅप्टरची. पेटीत एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे पाइप-आटे) आणि मेट्रिक आट्यांचे अडॅप्टर पुरेसे आहेत, पण जुन्या ब्रिटिश वंशाच्या इंजिनांवर सहसा लागणारे एक-अष्टमांश इंची बीएसपीचे (ब्रिटिश पद्धतीच्या पाइप-आट्यांचे) अडॅप्टर नाही. एनपीटीच्या त्याच मापाला इंचामागे 27 आटे असतात, बीएसपीला 28, आणि कोनही अनुक्रमे 60 व 55 अंश. फरक इतका थोडा आहे की चुकीचे अडॅप्टर हाताने दोन-तीन फेरे सहज जाते आणि मग अडते. तेथे पाना लावून जोर केला तर ब्लॉकमधील आटे कायमचे बिघडतात. अडॅप्टरवर मापाचे ठसेही नाहीत, त्यामुळे आट्यांचा गेज हाताशी नसेल तर हे किट नवख्या माणसाने वापरू नये, असेच म्हणावे लागते. योग्य पितळी अडॅप्टर त्याच बाजारात अल्प किमतीत मिळते. उत्पादकाने ते पेटीत घालायला काहीच हरकत नव्हती.

दुसरा प्रश्न अचूकतेचा. गेजच्या तबकडीवर 2.5 हा वर्ग छापलेला आहे. त्याचा अर्थ पूर्ण पट्टीच्या अडीच टक्के, म्हणजे 140 पीएसआयच्या गेजवर कोठेही साडेतीन पीएसआयपर्यंतची चूक. 50 पीएसआयला ती चालून जाते, पण स्लोवरील 15 पीएसआयला ती नगण्य नाही. भोसरी एमआयडीसीतील एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये डेडवेट टेस्टरवर, म्हणजे वजने ठेवून अचूक दाब निर्माण करणाऱ्या उपकरणावर, हा गेज लावून पाहिला, तेव्हा खऱ्या 15 पीएसआयला त्याने 17 आणि खऱ्या 50 पीएसआयला 51 दाखवले. चूक मर्यादेत आहे, आणि ती लक्षात घेऊनही गाडीचा स्लोवरील दाब नेमका मॅन्युअलमधील आकड्यावर येतो. तरीही या कामासाठी 0 ते 100 पीएसआयची तबकडी अधिक शहाणपणाची ठरली असती.

स्लोवर टेस्ट गेजचा काटा थरथरतो, कारण पंपाचे ठोके शमवणारा बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर यात नाही. मधला आकडा धरावा लागतो. होज बरी आहे, मात्र ती पंख्याच्या पट्ट्यापासून आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर बांधूनच इंजिन सुरू करावे. गरम ऑइल मॅनिफोल्डवर पडणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

हे किट काय सांगत नाही, हेही खरेदीपूर्वी समजून घ्यावे. टेस्ट गेजवरही दाब कमीच आला असता, तर दोष कोठे आहे हे त्याने सांगितले नसते. पंप ऑइलचा प्रवाह देतो, दाब मात्र बेअरिंगांतील फटींनी त्या प्रवाहाला केलेल्या अडथळ्यातून तयार होतो. म्हणून पातळ झालेले ऑइल, अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप), चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतील, तुंबलेली जाळी, झिजलेला पंप आणि सैल झालेले शेल यांचा परिणाम काट्यावर एकसारखाच दिसू शकतो. तशा वेळी आधी डिपस्टिकचा वास घ्यावा, कारण मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. नंतर ऑइल व फिल्टर बदलून, बी-सिरीजमध्ये बाहेरूनच निघणारा रिलीफ व्हॉल्व्ह काढून त्याची बैठक आणि स्प्रिंग पाहावी. एवढे झाल्यावरच चेंबर उतरवावे. काटा वर यावा म्हणून घट्ट ऑइल किंवा बाटलीतले औषध ओतण्याचा प्रघात मात्र सर्वथा टाळावा.

डॅशबोर्डवर गेज नसून केवळ लाल दिवा असलेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना तर हे किट अधिकच उपयोगी आहे, कारण तो दिवा दाब अगदीच तळाला गेल्याशिवाय पेटत नाही. घेताना दुकानातच बीएसपी अडॅप्टर, टी-जोड आणि तांब्याचे दोन वॉशर मागून घ्यावेत, आणि वापरानंतर होजमधील ऑइल निथळून मगच पेटी बंद करावी.