फोर्टमधील दुकानात जुन्या बेसबॉल कार्डांचे मूल्यांकन: माझा अनुभव

मामा गेल्यावर गिरगावातील त्यांच्या खोलीची आवराआवर करताना माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात ३८ बेसबॉल कार्डे, म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलपटूंची चित्रे छापलेली जाड कागदाची छोटी कार्डे होती. मामा १९५५ पासून जवळजवळ तीस वर्षे मालवाहू जहाजांवर नोकरीला होते आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून ही कार्डे त्यांनी आणली, एवढे आईला ठाऊक होते. पण त्यांचे मोल काय, हे घरात कोणालाच सांगता येत नव्हते. आधी मी ज्या व्यापाऱ्याकडे गेले, त्याने डबा वरवर चाळून सगळ्यांचे मिळून दहा हजार रुपये देऊ केले, आणि कोणत्या कार्डाचे किती, असे विचारताच ‘सुटे भाव सांगत नाही’ म्हणून विषय संपवला. त्यानंतर एका तिकीटसंग्राहक स्नेह्यांनी फोर्टमधल्या या दुकानाचे नाव सुचवले. जीपीओपासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असलेल्या या दुकानात मुख्य व्यवहार पोस्टाच्या तिकिटांचा आणि नाण्यांचा चालतो, परंतु मालक गेली अनेक वर्षे परदेशी खेळाडूंची कार्डेही पाहतात.

पहिल्याच भेटीत त्यांनी एक नियम सांगितला, आणि माझा विश्वास बसला तो त्या नियमामुळे. ज्या वस्तूचे मूल्यांकन ते शुल्क घेऊन करतात, ती वस्तू ते स्वतः विकत घेत नाहीत. शुल्क पहिल्या दहा कार्डांना ५०० रुपये आणि पुढे प्रत्येक कार्डाला २० रुपये; माझे १,०६० रुपये झाले. ‘ताई, मी सांगतो म्हणून मानू नका, भिंग घ्या आणि स्वतः बघा,’ असे म्हणत त्यांनी टेबलावर पांढरे कापड पसरले, दहापट मोठे दाखवणारे भिंग, पोलादी पट्टी आणि तिकिटे तपासायचा अतिनील दिवा मांडला, आणि पुढचे दोन तास एकेक कार्ड माझ्यासमोरच तपासले.

घरात सर्वांच्या आशा एकाच कार्डावर होत्या. इंटरनेटवर शोधल्यावर आम्हाला कळले होते की, अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या, संग्राहक ज्याला टी-२०६ म्हणतात त्या संचातील होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकले गेले. वॅग्नरने आपले चित्र वापरायला हरकत घेतल्याने त्याच्या कार्डाची छपाई लवकरच थांबली, त्यामुळे आज त्याची जेमतेम ५०-६० कार्डे अस्तित्वात असल्याचे मानले जाते. मामांच्या डब्यात तेच कार्ड होते. खाली त्याच्या संघाच्या शहराचे, ‘पिट्सबर्ग’ हे नाव शेवटचा ‘एच’ गाळून, त्या काळच्या सरकारी स्पेलिंगप्रमाणे छापलेले होते, आणि मी तेवढ्यावरच ते अस्सल समजून बसले होते.

मालकांनी दिवे मालवून अतिनील दिवा त्यावर धरला तेव्हा कार्डाचा मागचा भाग निळसर पांढरा चमकू लागला. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने मिसळण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झाली, त्यामुळे १९१० च्या आसपासचा कागद असा उजळत नाही. मग त्यांनी भिंग माझ्या हाती देऊन खेळाडूच्या नावाची अक्षरे पाहायला सांगितली. मूळ छपाईत अक्षरे सलग शाईची असतात. इथे प्रत्येक अक्षर बारीक रंगीत ठिपक्यांचे बनलेले होते, म्हणजे अस्सल कार्डाचे छायाचित्र घेऊन ते पुन्हा छापलेले होते. मागच्या बाजूला तळाशी कागदाचा एक छोटा पट्टा खरवडलेला दिसला. अशा पुनर्मुद्रित कार्डांवर तिथे ‘रिप्रिंट’ हा शब्द असतो आणि विकणाऱ्याने तो घासून काढलेला असतो. मामांना ते कोणत्या बंदरात आणि किती पैशांना विकले गेले असेल, या विचाराने मला फार वाईट वाटले. मालकांनी नोंदीत ‘पुनर्मुद्रण, बाजारमूल्य नाही’ असे लिहिले आणि पुढचे कार्ड घेतले.

उरलेली कार्डे टॉप्स कंपनीच्या १९५६ च्या संचातील आहेत. त्या संचात ३४० कार्डे होती आणि ती च्युइंगगमच्या पाकिटांतून मिळत. आडव्या कार्डावर एका बाजूला खेळाडूचा मोठा चेहरा, मागे खेळातला एखादा प्रसंग, पाठीवर तीन चौकटींची व्यंगचित्रे, अशी त्यांची मांडणी आहे. त्यातले हँक आरनचे कार्ड मी यापूर्वी पन्नास वेळा पाहिले असेल, पण त्यातली गंमत मला याच टेबलावर कळली. चेहरा आरनचाच आहे. मागे घसरत होमप्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागेवर, पोहोचणारा खेळाडू मात्र विली मेज हा दुसराच खेळाडू आहे, आणि त्याचा गणवेश रंगवून आरनच्या ब्रेव्हज संघाचा केलेला आहे. चूक छापली गेली म्हणजे किंमत वाढणार, असे मला साहजिकच वाटले. मालकांनी तिकिटांचाच दाखला दिला: भारताच्या १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटावर राणी व्हिक्टोरियाचे डोके उलटे छापलेल्या प्रती मोजक्याच निघाल्या, म्हणून त्या अमूल्य ठरल्या, आरनच्या कार्डावरची चूक कधी दुरुस्तच झाली नाही, ती प्रत्येक प्रतीवर आहे, तेव्हा तिच्यामुळे एक पैसाही वाढत नाही. या कार्डाला किंमत आहे ती ७१४ होमरनचा, म्हणजे क्रिकेटमधील षटकारासारख्या फटक्यांचा, बेब रूथचा विक्रम १९७४ मध्ये मोडून ७५५ पर्यंत पोहोचलेल्या आरनमुळे, आणि कार्डाच्या अवस्थेमुळे.

ही अवस्था कशी ठरते, हे त्यांनी याच कार्डावर दाखवले. चारही बाजूंची पांढरी किनार सारखी आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्या आहेत का आणि पृष्ठभागावर सुरकुती, डाग किंवा ओरखडा आहे का, या बाबी पाहून १ ते १० अशी श्रेणी दिली जाते. आमच्या आरनची डावी किनार उजवीच्या निम्मीही नाही, दोन कोपरे गोलसर झाले आहेत आणि पाठीवर गमचा फिकट तपकिरी डाग आहे. मालकांच्या अंदाजाने श्रेणी ४. एखाद्या प्रसिद्ध खेळाडूच्या चार आणि आठ श्रेणीच्या कार्डांत किंमत अनेक पटींनी बदलते, आणि साध्या डोळ्यांना त्या दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. म्हणून घरबसल्या फोटो पाहून कोणी ठाम आकडा सांगत असेल तर सावध राहावे, हे माझे प्रामाणिक मत झाले आहे.

टेड विल्यम्सचे कार्ड सर्वांत सुंदर दिसत होते. कोपरे कोरे, कडा धारदार. मालकांनी पट्टी लावली. या संचातील कार्डाची लांबी पावणेचार इंच, म्हणजे ९५ मिलिमीटर असायला हवी. ती ९३ भरली. आईला तेव्हा आठवले की, मामांनी हे एकच कार्ड काही वर्षे फ्रेम करून भिंतीवर लावले होते. आमच्या ओळखीच्या फ्रेमवाल्याने ते बसावे म्हणून कडा कापल्या असणार, आणि दोन मिलिमीटरांनी त्याचे बहुतेक मोल गेले. कापलेल्या कार्डाला अंकांची श्रेणी मिळत नाही, फार तर ते अस्सल असल्याचा शेरा मिळतो. या बाबतीत जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण पुन्हा वॅग्नरच्याच कार्डाचे आहे. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलेल्या त्या कार्डाला पीएसए या श्रेणी देणाऱ्या संस्थेने ८ ही श्रेणी दिली होती, २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरपर्यंत गेले, आणि २०१३ मध्ये ते आधी हाताळलेल्या लिलावदाराने त्याच्या कडा आपण कापल्याचे न्यायालयात कबूल केले.

जॅकी रॉबिन्सनच्या कार्डाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी मैदानात उतरून अमेरिकेतील सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलमधील, म्हणजे आधुनिक मेजर लीगमधील, वर्णभेदाची भिंत फोडणारा हा कृष्णवर्णीय खेळाडू, आणि १९५६ चे हे त्याचे खेळत असतानाचे टॉप्सचे शेवटचे कार्ड. मामांनी ते एका कात्रणाला चिकटपट्टीने जोडून ठेवले होते. कात्रण मराठी वर्तमानपत्रातले, क्रिकेटपटू पालवणकर बंधूंवरचे. अस्पृश्य म्हणून चहासाठी वेगळा कप मिळालेल्या बाळू पालवणकरांनी १९११ मध्ये इंग्लंड गाजवले आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले, ही हकीकत मामा आम्हा मुलांना नेहमी सांगत; पण त्यांनी ती रॉबिन्सनशी जोडली होती, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. चिकटपट्टीमुळे कार्डाच्या पाठीवर पिवळा पट्टा उमटला आहे आणि श्रेणी २ च्या वर जाणार नाही. पट्टी सोडवून डाग काढता येईल का, असे मी विचारले. मालकांनी स्पष्ट नकार दिला: ओढल्यास कागदाचा थर निघेल, रसायन लावल्यास ते फेरफार ठरेल, आणि ‘हे दोन्ही कागद एकत्र आहेत, ते तसेच राहू द्या, ताई’ असेही ते म्हणाले. मला तो सल्ला मनापासून पटला.

किमतीच्या बाबतीत त्यांची पद्धत सरळ आहे. विक्रेते मागतात त्या आकड्यांकडे ते पाहत नाहीत. ईबे या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळाच्या आणि लिलावगृहांच्या नोंदींतून त्याच कार्डाचे, त्याच श्रेणीचे, अलीकडचे प्रत्यक्ष विक्रीचे चार-पाच भाव घेऊन ते पल्ला लिहितात. ‘जुने म्हणजे महाग’ ही माझी समजूतही त्यांनी मिकी मँटल या बेसबॉलपटूच्या उदाहरणाने दूर केली. मँटलचे पहिले कार्ड १९५१ चे, बोमन कंपनीचे. तरीही विक्रम केला तो १९५२ च्या टॉप्स कार्डाने, ऑगस्ट २०२२ मध्ये, १ कोटी २६ लाख डॉलरचा. विजय हजारे यांच्या संघाने मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला त्याच वर्षीचा हा संच. त्याच्या उत्तरार्धातील कार्डे खपली नाहीत आणि टॉप्सच्या साय बर्गर यांनी सांगितल्याप्रमाणे १९६० मध्ये उरलेल्या पेट्या समुद्रात बुडवण्यात आल्या. त्याउलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस कार्डे इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली की, त्यातील बहुतेकांना आज कोणी विचारत नाही.

आमच्या डब्याचा हिशेब असा लागला: आरन आणि रॉबिन्सन मिळून चाळीस हजार रुपयांच्या आसपास, बाकीची ३५ कार्डे मिळून साधारण पंधरा हजार, वॅग्नर शून्य. श्रेणीसाठी अमेरिकेला फक्त आरनचे कार्ड पाठवावे, इतरांच्या बाबतीत शुल्क, विमा आणि टपालखर्च किमतीलाच खाऊन टाकेल, असे त्यांनी लेखी दिले. पाठवण्याचे काम करून देण्यात त्यांचा फायदा असूनही त्यांनी ३७ कार्डांना नाही म्हटले, याची मी मुद्दाम नोंद करते.

उणिवाही आहेत. तीन दिवसांत मिळणार असलेला अहवाल नवव्या दिवशी, दोनदा फोन केल्यावर मिळाला. तो हस्तलिखित आहे आणि त्यात कार्डांची छायाचित्रे नाहीत. वारसांमधील वाटणीसाठी किंवा विम्यासाठी कागद हवा असलेल्यांना हे अपुरे पडेल. डबा अहवालासाठी ठेवून घेताना पावती मी मागितल्यावर दिली, ती न मागता आणि प्रत्येक कार्डाच्या नोंदीसह द्यायला हवी.

साठवणुकीबद्दल मिळालेला सल्ला मुंबईकरांना विशेष उपयोगी आहे. मऊ पीव्हीसीचे अल्बम टाळावेत, कारण त्यातील द्रव्य कालांतराने पाझरून पृष्ठभागाला चिकटते. कार्ड आधी पातळ पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात आणि मग कडक आवरणात ठेवावे. १९५६ ची कार्डे १९५७ नंतरच्या मापापेक्षा मोठी असल्याने नेहमीच्या आवरणात ती कोंबली तर कोपरे मोडतात, त्यासाठी मोठ्या मापाची आवरणे मागून घ्यावी लागतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात त्या महिन्याला बदलाव्यात, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात डबा ठेवू नये.

दुकान रविवारी बंद असते, लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि उभा आहे. आईला वर नेताना आम्हाला दोनदा थांबावे लागले. सकाळी अकराची वेळ घेऊन गेल्यास खिडकीतून चांगला उजेड येतो आणि मालकांना निवांतपणा असतो. आरनचे कार्ड गेल्या आठवड्यात रवाना झाले. रॉबिन्सन आणि पालवणकरांचे कात्रण त्यांनीच दिलेल्या एका मोठ्या आवरणात, चिकटपट्टीसकट, आईच्या कपाटात आहे.