इंदूरमध्ये रेकॉर्डिंगवाला एचडी केबल बॉक्स: घ्यावा का?
चित्र झकास, पण एचडीएमआय वायर लावली तरच. लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांवर एचडी विसराच. रेकॉर्डिंगला पेनड्राइव्हपेक्षा हार्डडिस्क बरी: 8 एमबीपीएसच्या (सेकंदाला 8 मेगाबिट डेटा) चॅनलचा तासाभराचा कार्यक्रम 3.6 जीबी खातो. डिस्क सारखी चालू-बंद होत असेल तर यूएसबीचा करंट पुरत नाही. महाराणी रोडवरून स्वतंत्र अडॅप्टरचा यूएसबी हब आणा. रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर चालतं, म्हणजे बॉक्स बदलला की जुनं सगळं गेलं. खरी गोम इथेच. ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) एकच असेल तर आजींची मालिका रेकॉर्ड होताना बाकीच्यांची मॅच बहुतेक बुडालीच! टायमर लावून भिंतीवरचा स्विच बंद करू नका. चित्राचे चौकोन पडू लागले तर आधी एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाची फिरकीची पिन) घट्ट करा. दोन टीव्हींचा स्प्लिटरही सुमारे 3.5 डीबी, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल खातो.