समुद्र, डायनासोर की अवकाश? आधी पडदा बघा

म्युझियममधले मोठ्या पडद्याचे माहितीपट साधारण 40 ते 45 मिनिटांचे असतात आणि मुलं सोबत असली की एका दिवसात एकच पाहून होतो. म्हणून तिकीट काढण्याआधी एक प्रश्न विचारा: पडदा घुमटाचा आहे की सपाट?

घुमटात फिशआय म्हणजे अतिरुंद कोनाची लेन्स चित्र इतकं पसरवते की त्याची कड नजरेला सापडत नाही. कॅमेरा दरीवरून वळला की पोटात गोळा येतो. मुंबईत वडाळ्याला 2001 मध्ये सुरू झालेला डोम ज्यांनी अनुभवला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रवाळ, जंगल, हिमशिखरं घुमटातच पाहावीत. पण घुमटाच्या एका बाजूचा उजेड परतून दुसऱ्या बाजूवर पडतो. अर्ध्या घुमटात उजळलेली पृथ्वी आली, की उरलेल्या अर्ध्यातलं काळं आकाश राखाडी दिसतं.

म्हणून अवकाशासाठी सपाट पडदा, शक्यतो लेसर प्रोजेक्टरचा. ‘हबल थ्रीडी’ (2010) त्यासाठी खास थांबून पाहावा. मे 2009 मध्ये हबल ही अवकाश दुर्बीण दुरुस्त करायला गेलेल्या अटलांटिस यानाच्या मालकक्षात बसवलेल्या, मोठ्या पडद्यासाठीच्या आयमॅक्स कॅमेऱ्यात दीड किलोमीटरहून लांब फिल्म होती, तरी चित्रण होणार होतं जेमतेम 8 मिनिटांचं. थ्रीडीत दोन्ही डोळ्यांसाठी वेगळी फ्रेम लागते, त्यामुळे फिल्म दुप्पट वेगाने संपते. दुर्बीण दुरुस्तीची ती दृश्यं अस्सल आहेत. तेजोमेघांतून होणारा प्रवास मात्र संगणकावर रचलेला असतो, आणि हबलचे कॅमेरे फिल्टर लावून कृष्णधवल चित्रं घेतात, रंग नंतर भरतात. मुलांना हे आधीच सांगा.

सपाट पडद्यांतही फरक आहे. जुने आयमॅक्स चित्रपट 1.43:1 (रुंदी:उंची) या जवळजवळ चौकोनी चौकटीत आहेत. मल्टिप्लेक्समधले बरेच आयमॅक्स पडदे 1.90:1 चे. तिथे एकतर बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, नाहीतर वरखालचं मिळून सुमारे 25 टक्के चित्र कापलं जातं.

डायनासोरच्या बाबतीत पडद्याइतकंच निर्मितीचं वर्ष महत्त्वाचं, कारण हा विषय सर्वांत लवकर जुना होतो. सुमारे 9 मीटर लांबीच्या, पिसं असलेल्या युटिरॅनस या शिकारी डायनासोरची नोंद 2012 ची. मोसासॉर या त्याच काळातल्या समुद्री सरीसृपाच्या शेपटीला शार्कसारखं पोहण्याचं पर होतं याचा स्पष्ट पुरावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या चित्रपटांत उघड्या कातडीचे शिकारी आणि सरळ शेपटीचे मोसासॉर दिसले, तर ते त्या काळचं ज्ञान समजावं. उत्खननाची दृश्यं जास्त असलेला चित्रपट टिकतो. हाडं बदलत नाहीत.

जागा घुमटात मधल्या, वरच्या रांगांत घ्या. खाली पुढे मान अवघडते आणि चित्र वाकडं दिसतं. मळमळलं तर काही सेकंद डोळे मिटावेत. थ्रीडीचा चष्मा रेषीय ध्रुवीकरणाचा (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं आत सोडणारा) असेल तर डोकं कललं की दुहेरी प्रतिमा दिसते. अगदी लहान मुलांच्या नाकावर तो टिकत नाही. त्यांच्यासाठी टूडी खेळाची वेळ विचारा.